नकाबवाल्या स्वारामागच्या कपाशीच्या गाड्या

ब्राह्मणपुरीचा भिला पाटील वयाच्या पन्नाशीला टेकला तरी पळत्या घोड्यावरून पळत्या मोटारीवर उडी मारायचा, आणि ती उडी खरी असायची. बाकी सिनेमात खरं काय असतं हो? राजवाडा पुठ्ठ्याचा, तलवार लाकडाची, डोंगर रंगवलेला, आणि राजकन्येच्या केसांचा टोप कंपनीच्या पेटीत कुलपात. उडी मात्र शंभर टक्के अस्सल. म्हणून तर खान्देशातल्या तंबूंमध्ये पडद्यावर त्याचा पाखऱ्या घोडा दिसला रे दिसला की माणसं बसल्या जागी मांडीवर थापा मारायला लागायची.

हा गडी सिनेमात गेला तोही घोड्यामुळेच. सारंगखेड्याच्या जत्रेत मुंबईची एक कंपनी घोडे घ्यायला आली होती. त्यांनी निवडलेलं बुजरं घोडं दावं तोडून जे सुटलं ते थेट तापीच्या दिशेनं. लोक ओरडत राहिले. भिला तेव्हा तिशी उलटलेला, घरची बागाईत बघणारा, बैलाच्या सौद्यासाठी आलेला. त्यानं हातातला पेरू टाकला, आडवा पळाला, आयाळ धरून पाठीवर चढला आणि पाण्यात पोटापर्यंत गेलेल्या जनावराला गोंजारत परत घेऊन आला. कंपनीच्या मालकानं घोड्याचे पैसे दिले आणि माणूसही बरोबर मागून घेतला. घरी धनुबाईनं, म्हणजे भिलाच्या बायकोनं, महिनाभर अबोला धरला. पण पहिल्या मूकपटाचा तंबू शहाद्यात लागला तेव्हा सगळ्यात पुढे तीच बसली होती.

मूकपटांची ती वर्षं म्हणजे भिलाची दिवाळी होती. पुढे सिनेमा बोलायला लागला आणि आमच्या गड्याची पंचाईत झाली. बारा गावच्या गुंडांना लोळवणाऱ्या या माणसानं पहिल्यांदा यंत्रापुढे हिंदी वाक्य म्हटलं, तेव्हा आवाज टिपणारा साहेब कानावरचं यंत्र काढून पोट धरून हसला. सगळं हिंदी अहिराणीच्या हेलात न्हाऊन निघालं होतं. त्यात मिशांना पांढरं लागलेलं. मग मालकानं तोडगा काढला. भिलाच्या तोंडावर काळा नकाब चढवला. नकाबवाला स्वार येतो, मारतो, वाचवतो आणि एक शब्द न बोलता निघून जातो. वय झाकलं, जीभही झाकली. ब्राह्मणपुरीत मात्र पोरंसोरं त्याला ‘तोंडवर फडकं बांधेल बाबा’ म्हणायची.

पुण्या-मुंबईकडे हे सिनेमे कुणी फुकटही पाहिले नसते. ते चालत होते एका माणसाच्या जिवावर, आणि तो माणूस म्हणजे नंदुरबारचे रतिलालशेठ. शेठजींचं कापसाचं मोठं जीन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, होतं. जिनाच्या आवारात हंगामभर सिनेमाचा तंबू ठोकलेला असायचा. ज्याच्या कपाशीची गाडी शेठजींच्या काट्यावर चढली, त्याला तंबूत जायची मोकळीक. मग काय विचारता! शहाद्याकडचे गाडीवान वाटेतली दोन जिनं सोडून, प्रकाशा गावाशी तापी ओलांडून, बैलांची हाडं खिळखिळी करत नंदुरबारला जायचे. दरवर्षी शेठजी मुंबईला आगाऊ मागणी धाडायचे, त्यांचं बघून वऱ्हाड-निमाडचे तंबूवालेही धाडायचे, आणि एवढ्या भांडवलावर कंपनी नकाबवाल्याचं एक चित्र काढायची. स्वतः शेठजी तंबूत पडद्याकडे पाठ करून बसत. त्यांना बघायची असायची ती गर्दी.

भिलाला हे ठाऊक होतं आणि नव्हतंही. आपल्या उड्यांवर खान्देश फिदा आहे, एवढंच तो धरून चालला होता. त्यातही हंगामाच्या मुहूर्ताचा दिवस त्याच्या खास आवडीचा. दिवाळी झाली की तो गावी यायचा, नकाब चढवून पाखऱ्यावर बसायचा आणि शहाद्याच्या वेशीपासून नंदुरबारपर्यंत मुहूर्ताच्या गाड्यांच्या पुढे चालायचा. बैलांच्या शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरमाळा, पहिल्या गाडीवर झेंडूचं तोरण. पहिली गाडी रतिलालशेठच्या फाटकात शिरली की नारळ फुटायचा. या माणसाच्या मागं गाडी घातली की वर्ष बरं जातं, असं गाडीवानांनी मनाशी धरून टाकलं होतं.

त्या वर्षी दिवाळी सरता सरता कंपनीच्या मालकानं भिलाला खोलीत बोलावलं. तिथं एक बावीस-तेवीस वर्षांचा तालमीतला पोरगा उभा होता आणि त्याच्या तोंडावर भिलाचा नकाब होता. मालकानं चहा मागवला, खांद्यावर हात ठेवला आणि सांगून टाकलं की नकाब कंपनीचा आहे, आत कोण आहे ते बघायला कुणी येत नाही. भिलासाठी राजाचं काम काढलं होतं. सिंहासनावर बसायचं आणि दुसऱ्या रिळात विष पिऊन मरायचं.

भिला भडकला. रतिलालशेठ असलं काही चालवून घेणार नाहीत, असं तो म्हणाला. मालकही काही कच्चा नव्हता. शेठजींची मागणी यंदा अजून आलीच नाही, असं त्यानं सांगितलं. ती येऊ दे, तिच्यात तुझं नाव असू दे, मग नकाब तुझा. नाहीतर या पोराचा. भिला त्याच दिवशी घोड्याच्या डब्यात पाखऱ्याला चढवून गाडीत बसला. सुरतेहून पुढे गाडीनं वेग घेतला तसा त्याला धीर आला, आणि नंदुरबार येईपर्यंत तर त्यानं पुढच्या चित्रातली उडीसुद्धा मनात ठरवून ठेवली होती.

रतिलालशेठनी त्याला गादीवर बसवलं, पेढे दिले, धनुबाईची चौकशी केली. मागणीचं विचारल्यावर मात्र ते हसले. यंदा तापीकाठच्या जीनवाल्यांनी जूट केली होती. सगळ्यांचा भाव एक, सगळ्यांची वजनातली कटती एक, आणि काही जिनं तर नुसती बंद ठेवण्यासाठी त्यांच्या मालकांना वाटा मिळणार होता. गाडीवानाला दुसरीकडे जायला जागाच राहिली नव्हती.

“मग त्याला सिनेमा कशाला दाखवायचा, भिलाभाई?” शेठजी अगदी प्रेमानं म्हणाले.

भिलाच्या हातातला पेढा हातातच राहिला. पाय मोडले, बरगड्या मोडल्या, एकदा जबडा निखळला, आणि हे सगळं गाड्या वळवण्याचं आमिष होतं तर! त्याला राग आला आणि लाज वाटली. पण शेठजींचं बोलणं अजून संपलेलं नव्हतं. शहाद्याची जमनाबाई जुटीत आलेली नव्हती. गुजर घरातली विधवा बाई, नवऱ्यामागं बंद पडलेलं जीन तिनं यंदा साफ करून घेतलं होतं, आणि ते बंद ठेवण्यासाठी देऊ केलेला वाटा तोंडावर परत केला होता. तिच्याकडे मुहूर्ताच्या गाड्या वळल्या तर जूट मोडणार होती.

“तू गाड्या माझ्या फाटकात आण,” शेठजी म्हणाले. “सगळ्या आण. त्याच दिवशी मुंबईला मागणी जाईल, आणि त्यात तुझं नाव असेल.”

भिला हो म्हणाला. विचार न करता, घाईघाईनं, जवळजवळ शेठजींचा हात धरूनच हो म्हणाला. त्याला दोष देणं सोपं आहे. सिंहासनावर बसून विष प्यायची पाळी ज्याच्यावर आली नाही, त्यानं खुशाल द्यावा. भिला तर पेढा तोंडात टाकून बाहेर पडला आणि पाखऱ्यावर मांड ठोकून प्रकाशापर्यंत गाणं म्हणत गेला.

गावात पोचल्यावर ते गाणं आटलं. त्याच्या बरोबरीचा हिलाल ओट्यावर येऊन बसला. हिलाल लहानपणापासूनचा सोबती, गावच्या गाड्यांचा म्होरक्या, मुहूर्ताची पहिली गाडी नेहमी त्याची. जुटीचा भाव ऐकल्यापासून गावात कुणाला घास गोड लागत नव्हता, असं त्यानं सांगितलं. जमनाबाई बरा भाव देत होती, पण तिच्या जुन्या इंजिनाचा भरवसा कुणाला नव्हता. ते मध्येच बंद पडलं, तर खाली मान घालून नंदुरबारला जावं लागणार, आणि रतिलालशेठ मग फाटकाबाहेर आठ-आठ दिवस उन्हात तिष्ठत ठेवणार. म्हणून पहिली गाडी कुणी वळवायची, यावर सगळं अडलं होतं. बरं झालं तू आलास, असं हिलाल म्हणाला. तू ज्या वाटेनं जाशील, त्या वाटेनं आम्ही. भिला हूं म्हणाला आणि पाखऱ्याला वैरण टाकायच्या निमित्तानं उठून गेला.

धनुबाईनं नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं आणि काय झालंय ते विचारलं. त्यानं सांगितलं. ती म्हणाली की राजाचं काम वाईट नसतं, निदान बसून असतं. त्यावर तो असा काही तडकला की शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं.

मुहूर्ताच्या दिवशी उजाडता उजाडता शहाद्याच्या वेशीवर गाड्यांची रांग लागली. ब्राह्मणपुरीच्या, आसपासच्या गावांच्या, शंभरावर गाड्या असतील. पांढऱ्याशुभ्र कपाशीचे ढीग, वर बसलेली पोरं, घुंगरांचा गजर, आणि सगळ्यांच्या पुढे काळ्या नकाबातला भिला. पाखऱ्या नुसता नाचत होता. लोकांनी टाळ्या पिटल्या, कुणी शिट्ट्या घातल्या, कुणीतरी डफ आणला होता तो घुमायला लागला. भिलाचं काळीज सुपाएवढं झालं. दोन दिवसांचा चोरटेपणा तो पार विसरून गेला. त्यानं हात वर केला आणि शंभर गाड्यांची चाकं एकदम करकरली.

शहाद्याच्या पलीकडे वाट फुटते. सरळ गेली की प्रकाशा आणि तापीपार नंदुरबार. उजवीकडे, हाकेच्या अंतरावर, जमनाबाईचं जीन. सरळ वाटेवर रतिलालशेठचे मुनीम मोटार घेऊन उभे होते. उजवीकडे जिनाच्या धुराड्यातून धूर निघत होता. फाटकात जमनाबाई डोक्यावरून पदर घेऊन, विधवेनं ओवाळू नये या रिवाजाला न जुमानता हातात ओवाळणीचं ताट धरून उभी होती. तिनं हाक मारली नाही, की हात केला नाही. नुसती उभी राहिली.

फाट्यावर येताच पाखऱ्या आपसूक थबकला. भिलानं मागं वळून पाहिलं. एकही गाडीवान वाटेकडे बघत नव्हता. सगळे त्याच्या पाठीकडे बघत होते. गुडघा जरासा दाबायचा अवकाश, गाड्या सरळ निघाल्या असत्या. एका वाक्याचीही गरज नव्हती. आणि न बोलण्याचं काम तर तो इतकी वर्षं इमानेइतबारे करत आलाच होता.

त्यानं नकाबाची गाठ सोडली.

मिशा पांढऱ्या, डाव्या गालावर जुन्या पडझडीचा व्रण, डोळ्यांखाली सुरकुत्या. गाड्यांवरची तरणी पोरं आ वासून बघत राहिली. नकाबवाला आपल्या आजोबांच्या वयाचा असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

“ऐका,” भिला म्हणाला. आवाज फाटका निघाला, त्यानं खाकरून पुन्हा सुरुवात केली. “मी तुमले नंदुरबारले ली जाई ऱ्हायनू, ते मन्हा सिनेमाकरता. गाड्या उन्यात ते माले काम भेटई, असं शेठनी सांगेल शे. तुमना भावशी मन्हा काही संबंध नही. आते तुम्हीच ठरावा.”

डफ थांबला. तिकडे मुनिमांनी मोटारीचा भोंगा वाजवला, परत वाजवला. हिलाल गाडीवरून उतरला, चालत पुढे आला आणि त्यानं पाखऱ्याचा लगाम धरला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. आता हा आपल्याला शिव्या घालणार, असं भिलानं गृहीतच धरलं.

“सिनेमा ऱ्हाऊ दे,” हिलाल म्हणाला. “तुन्ही कपाशी ऱ्हाती, ते तू गाडी कोठे लई जाता?”

भिलानं पाखऱ्याला टाच मारली. घोडा जो उजवीकडे उसळला तो सरळ जमनाबाईच्या फाटकाच्या दिशेनं, आणि मागं एकच कल्ला झाला. हिलाल धावत जाऊन गाडीवर चढला, शेपट्या पिळल्या, बैल चौखूर सुटले. मुहूर्ताची संथ रांग क्षणात शंकरपटाची शर्यत होऊन गेली. कपाशीचे पुंजके हवेत उडाले, पोरं किंचाळायला लागली, डफवाला डफ डोक्यावर धरून पळत सुटला. मुनीम मोटारीच्या पायरीवर उभे राहून हातवारे करत होते, पण त्या धुरळ्यात त्यांच्याकडे बघतंय कोण!

पहिली गाडी फाटकात शिरली, जमनाबाईनं बैलांना कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि नेमकं त्याच वेळी जिनाच्या इंजिनानं दोन उचक्या देऊन दम सोडला. हिलालनं भिलाकडे पाहिलं, भिलानं धुराड्याकडे पाहिलं. आतून कुणीतरी लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. मग एक उचकी, आणखी एक, आणि मग धडधड, धडधड, असा काही आवाज सुरू झाला की पायाखालची जमीन हलायला लागली. गाडीवानांनी पागोटी उडवली. भिलानं पाखऱ्याच्या मानेला मिठी मारली.

गाड्या काट्यावर चढायला लागल्या, तसा तो बाजूला जाऊन कपाशीच्या ढिगाशी बसला. आनंद ओसरला की जे उरतं ते आता त्याच्यापुढे येऊन बसलं होतं. शेठजींची मागणी गेली, चित्र गेलं, नकाब त्या पोराचा झाला. आपण पुन्हा कधी पडद्यावर दौडणार नाही, या विचारानं त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवलेही नाहीत. जमनाबाई ताट ठेवून त्याच्यापाशी आली. मुहूर्ताच्या दिवशी माझ्या आवारात रडतोस का, असं तिनं जरबेनं विचारलं. तेव्हा हिलालनं सगळी हकीकत सांगितली.

जमनाबाईनं जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. पण व्यवहार तिला पाहायला शिकवावा लागत नव्हता. तंबू कुणाचा, यंत्र कोण आणतं, चित्र किती दिवस आवारात राहतं, वऱ्हाडवाले कुणाचं बघून मागवतात, असं तिनं धडाधड विचारून घेतलं. मग पदर खोचला.

“खान्देशनं चित्र आतेपासून मी मागाडसू,” ती म्हणाली. “पन एक अट शे, भिलाभाऊ. तोंडवर फडकं नको. आज गाड्या तुन्हा उघडा तोंडना मागे उन्यात. आनि मुका ऱ्हावू नको, बोल.”

पुलावरून नदीत उडी मारणारा भिला हे ऐकून गारठला. तो पुटपुटला की आपण बोललो की लोक हसतात.

“हासू दे,” जमनाबाई म्हणाली. “आपलाच लोक शेत.”

मुंबईच्या मालकाला नाक मुठीत धरावं लागलं. खान्देशची मागणी ज्याच्या हातात त्याची अट पाळणं भाग, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. तालमीतल्या पोराला राजपुत्र केलं आणि भिलाला केलं पिकल्या मिशांचा म्होरक्या, लुटारूंच्या मुलखातून तांडा पार नेणारा. भिलानं जमनाबाईला न विचारता त्यात एक उडी घालून घेतलीच. इकडे रतिलालशेठ महिन्याभरात जुटीतून बाहेर पडले, भाव चढवला, आणि तेच चित्र जमनाबाईनंतर आपल्या तंबूला मिळावं म्हणून त्यांनी तिच्याकडे पेढे धाडले. तिनं पेढे ठेवून घेतले आणि चित्र होळीनंतर देते म्हणून सांगितलं.

जमनाबाईच्या आवारात तंबू लागला, त्या संध्याकाळी आत मुंगी शिरायला जागा नव्हती. काठी गावाकडच्या डोंगरातून पावरा आदिवासी मंडळी आली होती. धनुबाई पुढे, बायकांत. भिला मधोमध, हिलालच्या शेजारी, जमिनीवर. पडद्यावर त्याचं तोंड आलं, भिंतीएवढं, सुरकुत्यांसकट. आता ते वाक्य येणार होतं. चित्र घेताना तो हिंदी विसरला होता आणि जे तोंडात आलं ते बोलून गेला होता. वाक्य काढून टाकण्यासाठी त्यानं मालकाच्या हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मालकानं जमनाबाईची अट त्याच्या तोंडावर फेकली होती. उठून बाहेर जावं म्हणून भिलानं एक पाय मोकळाही केला.

पडद्यावरचा स्वार घाटमाथ्यावर थांबला. खोगिरावर वळून त्यानं मागच्या गाड्यांकडे पाहिलं.

“बैल थकनात का रे भो?”

मुंबईहून आलेला पडदा आपल्या घरच्या बोलीत बोलला होता. मागं कुणीतरी हसलं, भिलानं डोळे मिटले, आणि त्याच वेळी शेजारून हिलाल ताडकन उभा राहिला.

“नही थकनात!” तो पडद्याकडे बघून ओरडला. “तू चाल पुढे!”

मग अख्खा तंबू उठला. बायका उठल्या, पोरं उठली, नही थकनात, नही थकनात, असा गजर झाला, मध्येच पडद्यावरचा घोडा दौडत सुटला आणि कुणी खाली बसायलाच तयार होईना. भिलानं हिलालचं धोतर ओढून त्याला खाली बसवायचा एकदा प्रयत्न करून पाहिला. तो बसेना, तेव्हा भिला स्वतःच उठला, आणि सगळ्यांबरोबर पडद्यावरच्या त्या म्हाताऱ्याला ओरडून म्हणाला, चाल पुढे.